टॉवेलवर खुळखुळणारं डाळिंब : मणी सुईखाली येऊ नयेत म्हणून काय करायचं?

तुम्ही विचारलंय की टॉवेलवर ॲप्लिक (कापडाचा तुकडा शिवून केलेली नक्षी) करून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी लावायची आणि आत सुटे मणी, टिकल्या ठेवायच्या. पण मशीन सुरू झालं की मणी कडेला सरकतात आणि सुई तुटते. सोलापुरात मी टॉवेलवर हेच काम करते, आणि एका बाबतीत माझं मत पक्कं आहे: मणी पसरून त्यांच्यावर प्लास्टिक शिवायचंच नाही. घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये सुई नुसती वर-खाली होते, झटके घेत सरकते ती कापड आवळून धरणारी फ्रेम. सुटी वस्तू त्या झटक्यांनी कडेलाच जाणार. आधी खिसा शिवा, वरच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचं तोंड ठेवा आणि मग भरा.

माझं आवडतं डिझाइन कापलेल्या डाळिंबाचं. डाळिंब सोलापूरचं, टॉवेलही सोलापूरचा, दोघांनाही भौगोलिक मानांकन, आणि लाल मणी तर दाण्यांसारखेच दिसतात! लाल कापडावर पांढरे पडदे, देठ, काय असेल ते भरतकाम आधी उरकून घ्या. प्लास्टिक लागल्यावर आत टाका घालता येत नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग द्या, म्हणजे दोरा तोच असला तरी मशीन आपसूक थांबतं.

टॉवेल मात्र आधी धुवून वाळवलेला हवा. नवा सुती टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो, प्लास्टिक आटत नाही, आणि सगळी खिडकी चुरमडते. टॉवेलच्या खाली बॅकिंग पेपर (कापडाला आधार देणारा कागद), वर पाण्यात विरघळणारी फिल्म. नाहीतर टाके टॉवेलच्या लूपमध्ये बुडतात.

प्लास्टिक टेबलावर अंथरतात तसलं, साधारण ०.३ मि.मी. जाडीचं चालतं. ते फ्रेममध्ये आवळू नका, वळ राहतात. टाचण्याही नकोत, भोकं बुजत नाहीत. कडांना कागदी टेप लावा. प्रेसर फूट (सुईजवळ कापड दाबणारा पाय) चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. वेग निम्म्यावर आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिक धरणारी धावदोऱ्याची ओळ बहुतेक डिझाइनमध्ये साटन टाक्याच्या (कड झाकणाऱ्या आडव्या टाक्यांच्या पट्टीच्या) बरोबर मधोमध असते. साटन ४ मि.मी. रुंद असेल, तर त्यातले २ मि.मी. खिशाच्या आत पडतात, आणि तिथेच मणी सापडतो. ती ओळ साटनच्या आतल्या कडेला सरकवा. मग साटन पूर्ण खिशाबाहेर राहतो आणि मण्याला सुईखाली यायला वाटच उरत नाही. साटन दाटही नको; टाके फार जवळ पडले की प्लास्टिक भोकांच्या रेषेवरून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. टाक्यांमधलं अंतर ०.४ मि.मी. असेल तर ०.५-०.६ करा.

भरताना फ्रेम मशीनमधून काढा, पण टॉवेल फ्रेममधून सोडू नका. कागदाच्या नळकांड्यातून मणी आत सोडा. २-३ मि.मी.चे मणी, खिशाचा तिसरा हिस्सा भरेल इतकेच. जास्त झाले की हलत नाहीत. मग तोंडाच्या खाली प्लास्टिक दाबून आडवी टेप लावा, तोंड शिवा, टेप काढा आणि शेवटी साटन. टिकल्या आमच्या कोरड्या हवेत प्लास्टिकला आतून चिकटून बसतात, म्हणून मला मणीच बरे वाटतात.

इस्त्री त्या जागी अजिबात नको. गार पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी करत असाल तर सुटे मणी नकोतच, खिसा फाटला तर ते तोंडात जातात. त्यांना नुसतं भरतकामाचं डाळिंब द्या. आणि टॉवेल रोजच्या वापरातला असेल, तर प्लास्टिकऐवजी बारीक नेट लावून बघा. मणी नेटच्या भोकांपेक्षा मोठे घ्या, बाकी कृती हीच.