‘हरितद्रव’ की ‘हरितद्रव्य’?

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेतील विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांवर मुले पानांना हिरवा रंग देणाऱ्या क्लोरोफिलसाठी कुठे ‘हरितद्रव’ तर कुठे ‘हरितद्रव्य’ असे लिहितात. यांपैकी योग्य कोणते, आणि संत्र्याच्या केशरी रंगासाठीही असा एखादा शब्द आहे का?

योग्य शब्द ‘हरितद्रव्य’ हाच. ‘द्रव’ म्हणजे वाहणारा पदार्थ. ‘द्रव्य’ म्हणजे कोणताही पदार्थ, मग तो वाहो वा न वाहो. वैशेषिक दर्शनात, म्हणजे पदार्थांचे वर्गीकरण करणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात, हा भेद फार काटेकोर आहे: तेथे द्रवत्व हा रूप, रस, गंध यांसारखाच एक गुण मानला आहे आणि द्रव्य हे त्या गुणांचे आश्रयस्थान. त्या दृष्टीने ‘रंगद्रव्य’ हा शब्द मोठा नेमका घडला आहे, कारण रंग हा गुण आणि तो ज्याच्या ठायी राहतो ते द्रव्य, अशी दोन्ही पदे त्यात शेजारी येतात. पाणिनीने तर ‘द्रव्य’ हा शब्द ‘द्रु’ म्हणजे झाड यावरून साधला आहे; प्रस्तुत विषयात हा योगायोग मला गोड वाटतो.

पालक वाटताना हिरवा रस निघतो, त्यामुळे ‘द्रव’ लिहिण्याचा मोह होत असावा. पण द्रव आहे तो रस. हरितद्रव्य पेशींतील हरितलवक नावाच्या सूक्ष्म घटकांत असते आणि ते पाण्यात विरघळतही नाही. जांभळातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य मात्र पाण्यात सहज विरघळते. तरीही ते द्रव्यच, कारण सरबतात विरघळली म्हणून साखरेला आपण द्रव म्हणत नाही.

संत्र्याचा रंग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा आहे. वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1831 मध्ये गाजरातून वेगळे केलेल्या द्रव्याला गाजराच्या लॅटिन नावावरून ‘कॅरोटिन’ म्हटले गेले. त्याचे ‘गाजरद्रव्य’ करून संत्र्याला चिकटवणे हास्यास्पद होईल. शास्त्रीय लेखनात ‘कॅरोटिनॉइड’ आणि फलकावर ‘केशरी रंगद्रव्ये’ लिहावे.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा, संत्रा ऑक्टोबरात आतून गोड झालेला असला तरी सालीवर हिरवा असू शकतो, आणि रात्री गार होऊ लागल्या की ‘रंग चढला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या वेळी सालीतील हरितद्रव्य विघटित होऊन आधीपासूनची केशरी द्रव्ये उघडी पडतात आणि सोबत नवीही तयार होतात. म्हणजे एक रंग चढतो, तसा दुसरा उतरतोही.