स्प्रिंटमध्ये किती काम घ्यावे?

प्रश्न : आमची सहा जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (ठरवलेले काम संपवायचा ठरावीक कालावधी). मागच्या तीन स्प्रिंटमध्ये सगळे हजर असताना २१, ३४ आणि २३ पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी माप) पूर्ण झाले. आता एक जण चार दिवस रजेवर आहे, तरी वरून ३४ चा आग्रह आहे. किती घ्यावेत?

उत्तर : ३४ मुळीच नाही. तो आकडा बहुधा फुगलेला आहे. स्टोरी (म्हणजे कामाचा एक तुकडा) ९० टक्के होऊन अडकली, तर तिचे पॉइंट त्या स्प्रिंटला शून्य आणि पुढच्याला पूर्ण मिळतात; २१ नंतर एकदम ३४ दिसतात ते असेच. म्हणून सरासरी धरा : २६. सहा जणांचे मिळून कामाचे दिवस ६० पैकी ५६, म्हणजे २६ × ५६ ÷ ६० = साधारण २४. मीटिंग, बग यांसाठी यातून पुन्हा वजाबाकी करू नका, तो वेळ जुन्या आकड्यांत आधीच गेलेला आहे. (हा घोळ भलेभले घालतात.)

मात्र रजेवरचा माणूस तुमचा एकमेव टेस्टर असेल तर हे गणित कुचकामी. त्याच्या रजेआधी जेवढे तपासून होईल तेवढ्याच स्टोऱ्या घ्या, किंवा टेस्टिंगला दुसरा माणूस प्लॅनिंगमध्येच ठरवा.