छतातल्या स्पीकरचा क्रॉसओव्हर किती ठेवावा: ४०, ८० की १५०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा बाय पंधरा फुटांची खोली, ५.१.४ चा होम थिएटर सेट (कानाच्या पातळीवर पाच स्पीकर, फक्त खर्ज वाजवणारा एक सबवूफर, छतात चार), फॉल्स सीलिंगमध्ये साडेसहा इंची चार स्पीकर. रिसीव्हरने माइक लावून ऑटो सेटअप केलं आणि छतातल्या चारही स्पीकरना ४० हर्ट्झचा क्रॉसओव्हर देऊन टाकला, म्हणजे ४० च्या खालचा खर्ज सबवूफरकडे, वरचं सगळं स्पीकरकडे. मित्र म्हणतो डोळे झाकून ८० कर. ज्याने स्पीकर बसवले तो म्हणतो १५०. आणि तुम्ही विचारताय की कोणाचं ऐकू.

माझं उत्तर आधी सांगतो. १०० ने सुरुवात करा, १२० पर्यंत जायला हरकत नाही. पण मेनूला हात लावायच्या आधी सबवूफर भिंतीपासून ओढा आणि त्याच्या पाठीवरचं बटण बघा. त्या बटणाने माझे चार महिने खाल्ले. ते पुढे येईलच.

आधी ते ४०. रिसीव्हर खोटं बोललेला नाही. तुमचे स्पीकर छतातच बसवलेत, म्हणजे त्यांच्याभोवती सगळीकडे सपाट पृष्ठभाग आहे. त्यातला एखादा कोपऱ्याजवळ असेल तर दोन भिंतींचाही टेकू मिळतो. त्यामुळे खर्ज फुगतो आणि माइकला वाटतं, वा, हा ४० पर्यंत उतरतोय. उतरतोही, पण टेस्टच्या आवाजात. ती टेस्ट साधारण ७५ डेसिबलच्या आसपास होते. सिनेमाच्या संदर्भ पातळीला एकेका चॅनलचे धक्के १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. मधले ३० डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ हजारपट वॉट. टेस्टमध्ये जिथे एक दशांश वॉट पुरला तिथे शंभर वॉट लागणार. घरी कोणी एवढ्या जोरात लावत नाही हे खरं. १५ डेसिबल खाली ऐकलंत तरी टेस्टच्या तीसपट वॉट झालेच.

वॉटपेक्षा मोठी अडचण पडद्याची आहे. आवाज तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, म्हणजे एक सप्तक खाली उतरलं, की स्पीकरच्या पडद्याला चौपट आत-बाहेर हलावं लागतं. ८० ऐवजी ४० म्हणजे चौपट, १२० ऐवजी ४० म्हणजे नऊपट. साडेसहा इंची पडदा तेवढा हलणार कुठून? आणि तो खालचा धक्का झेलत असतानाच त्याला मधले स्वरही वाजवायचे असतात, ते गढूळ होतात. तबल्याकडून डग्ग्याचा घुमारा मागण्यासारखं आहे हे. शेजारी दहा-बारा इंची सब कामाची वाट बघत बसलेला असताना तर अजिबातच मागू नये.

तुमच्या मित्राचं ८० कुठून आलं तेही सांगतो, कारण ते हवेतून आलेलं नाही. लुकासफिल्ममध्ये १९८३ साली टीएचएक्स हे सिनेमाच्या आवाजाचं मानक सुरू झालं, त्यामागचे अभियंते टॉमलिन्सन होल्मन. पुढे घरगुती सेटसाठी टीएचएक्सने ८० हा आकडा धरला. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे खोलीत बसलेल्या माणसाला बोट दाखवून सांगता येत नाही, म्हणून सब कुठेही ठेवला तरी चालतो, हा त्यामागचा विचार. ८० हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटरहून लांब असते, तुमच्या खोलीच्या जवळपास पूर्ण लांबीएवढी. पण तो आकडा ८० पर्यंत आरामात उतरणारे स्पीकर गृहीत धरतो. समोरच्या टॉवरना, सेंटरला तो ठीक. जिप्समच्या भोकात बसवलेल्या, पाठीला डबा नसलेल्या, सडपातळ स्पीकरला तोच आकडा लावायचा हट्ट कशाला?

इथे बहुतेकांची एक भीती असते, ती तुमच्याही प्रश्नात डोकावतेय: क्रॉसओव्हर वर नेला तर डोक्यावरचा आवाज जमिनीवर येईल का? नाही येत. आपले दोन कान डावीकडे आणि उजवीकडे आहेत, एक वर एक खाली नाही. नेमक्या समोरून किंवा नेमक्या डोक्यावरून येणारा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. मग मेंदूला उंची कळते कशावरून? बाहेरच्या कानाच्या वळ्यांवरून. त्या वळ्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो, आणि तो बदल मुख्यतः चार-पाच हजार हर्ट्झच्या वर असतो, कारण तिथेच लाटेची लांबी कानाच्या मापात येते. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची. तिला तुमचा कान म्हणजे डोंगरापुढे खडा. उंचीची खूण पावसाच्या टपटपीत, पंख्याच्या पात्याच्या सळसळीत असते, गडगडाटात नसते.

पटत नसेल तर आजच करून बघा. क्रॉसओव्हर १२० ला ठेवा, हेलिकॉप्टर डोक्यावरून जाणारा, छतातल्या स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेला एखादा अ‍ॅटमॉस प्रसंग लावा आणि सबचं बटण भिंतीवरून बंद करा. रिसीव्हरला ते कळत नाही, तो खर्ज सबकडे पाठवतच राहतो आणि छतातून फक्त वरचा भाग येतो. हेलिकॉप्टर अशक्त होईल, पण राहील डोक्यावरच.

आता दुसरं टोक, १५०. बसवणाऱ्याने स्पीकर जपायचा म्हणून सुरक्षित आकडा सांगितला. पण क्रॉसओव्हर ही भिंत नसते, उतार असतो. १५० ला कापलं तरी २००, २५० चा आवाज थोडाथोडा सबमधून येत राहतो, आणि तिथवर पुरुषाच्या बोलण्याचा पाया पोचलेला असतो. माझा सब सोफ्याच्या मागे उजव्या कोपऱ्यात आहे. मी मुलीला डोळे मिटून बसवलं, वरून विमान जाणारा प्रसंग लावला आणि म्हटलं, आवाज येतो तिकडे बोट दाखव. १५० ला तिचं बोट खांद्यावरून मागे, थेट सबकडे. १२० ला वर. १०० ला वर. ८० लाही वरच, पण विमान तेवढंसं मोठं वाटेना. मोजमाप म्हणून याला काही किंमत नाही हे मलाही कळतं, पण खोली माझी आहे आणि कानही आमचेच. सब समोर, टीव्हीच्या बाजूला असेल तर १५० कदाचित खपून जाईल. मागे असेल तर नाही.

आता ते बटण. मी छतातल्या स्पीकरना १२० दिले आणि समोरच्यांना ८०, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. तरी वरचं काही जमेना. मेघगर्जना म्हणजे पत्र्यावर कोणीतरी डबे आपटतंय असं वाटायचं. समोरून येणारे स्फोट मात्र झकास. मी स्पीकरना दोष दिला. आठ इंची घ्यायचे ठरवले, मिस्त्री येऊन छताचं माप घेऊन गेला. मग दिवाळीच्या साफसफाईत सब पुढे ओढला, मागची जळमटं काढायला टॉर्च मारला, आणि बघतो तर त्याच्या पाठीवरचं लो पासचं, म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचा आवाज दाबणारं बटण ८० वर. आधी तो सब एका जुन्या स्टीरिओला जोडलेला होता, तेव्हाचं राहिलेलं.

काय होत होतं बघा. रिसीव्हर छताचा १२० च्या खालचा सगळा खर्ज सबकडे पाठवत होता. सब ८० च्या वरचं दाबत होता. छताला सांगितलेलं की १२० च्या खाली तू बघू नकोस. म्हणजे ८० ते १२० हा पट्टा धड वाजवायला कोणीच नव्हतं, आणि गर्जनेचं अंग नेमकं त्याच पट्ट्यात. समोरच्या स्पीकरना ८० च होते, म्हणून तिकडे खड्डा फारसा जाणवला नाही आणि मी सबला निर्दोष धरून बसलो.

बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. ‘एलएफई’ किंवा ‘बायपास’ अशी खूण असेल तर तिथे ठेवा. मग ऑटो सेटअप पुन्हा करा, कारण आधीचं मोजमाप गळा दाबलेल्या सबचं होतं. मिस्त्रीला मी फोन करून नको म्हणून सांगितलं, तो अजून भेटला की विचारतो, साहेब, छताचं काय झालं?

मेनूत ‘एलएफईसाठी लो पास’ नावाचा आणखी एक आकडा दिसेल. तो १२० वरच असू द्या. तो सिनेमातल्या वेगळ्या खर्जाच्या चॅनलसाठी असतो, त्याचा तुमच्या छताशी संबंध नाही. तो ८० केला की त्या चॅनलचा वरचा भाग उगाच कापला जातो. आणि कुठे ‘लार्ज’ किंवा ‘फुल बँड’ दिसलं तर ‘स्मॉल’ करा. या शब्दांचा खोक्याच्या आकाराशी काही संबंध नाही. खर्ज सबकडे पाठवायचा की नाही, एवढंच ते सांगतात.

तुमच्या रिसीव्हरचं ऑटो सेटअप ऑडिसी या प्रणालीचं असेल तर एक नियम पाळा: मशीनने दिलेल्या आकड्याच्या वर जायला पूर्ण मोकळीक, खाली जायला नाही. माइकला स्पीकर जिथवर उतरलेला दिसला तिथपर्यंतच दुरुस्ती केलेली असते, त्याखाली काहीच नाही. तुम्हाला ४० मिळालेत, म्हणजे १०० किंवा १२० करताना ही काळजी नाही. मेनूत आधी ‘ऑल’ बदलून ‘इंडिव्हिज्युअल’ करा, नाहीतर छताचा आकडा बदलताना समोरचे टॉवरही सोबत जातील.

दोन गोष्टी फॉल्स सीलिंगवाल्यांसाठी खास. पहिली वायरची. छत बंद व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियन वायरी ओढून जातो आणि चारपैकी एका स्पीकरला लाल-काळी उलटी लागणं अगदी नेहमीचं. एकटा स्पीकर ऐकताना हे कळत नाही, पण क्रॉसओव्हरजवळ तो आणि सब एकमेकांना खातात. रिसीव्हर बंद करा, वायरची टोकं रिसीव्हरमधून काढा, जाळी उतरवा, आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, धन टोक लाल वायरीला. पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं. दोन मिनिटांचं काम आहे, फक्त स्टूल धरायला कोणीतरी हवं.

दुसरी खडखड. माझ्याकडे ६० हर्ट्झच्या आसपास छतातून बारीक किरकिर यायची. मी तोच स्वर लावून ठेवला आणि स्टुलावर चढून एकेका वस्तूवर बोट टेकवत गेलो. स्पीकरची कड, जाळी, जिप्समचा सांधा. शेवटी एलईडी डाउनलाइटच्या कड्यावर बोट ठेवलं आणि किरकिर बंद. कड्याखाली फोमच्या टेपचा पट्टा लावला, संपलं. पण मुळात छतालाच ४० चे धक्के दिले तर पोकळीतली प्रत्येक पट्टी अशी बोलायला लागते. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या दृष्टीनेही खर्ज स्लॅबला चिकटलेल्या स्पीकरपेक्षा जमिनीवरच्या सबमधून आलेला बरा. त्यांची तक्रार पूर्ण थांबेल असं मात्र म्हणत नाही.

आणि कोणी हे वाचून टॉवरवर ठेवायच्या, छताकडे तोंड केलेल्या स्पीकरना हे आकडे लावणार असेल, तर थांबा. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यावा लागतो, आणि लांब लाटा तशा एका दिशेने फेकता येत नाहीत, चौफेर पसरतात. म्हणून त्यांचा आकडा बराच वर, १८० च्या आसपास असतो. मेनूत त्यांना ‘डॉल्बी स्पीकर’ म्हणून नोंदवा आणि रिसीव्हर देईल ते ठेवा.

१०० आणि १२० मध्ये निवड करायला एकच प्रसंग घ्या, तोही गर्जना आणि पाऊस दोन्ही असलेला. रोजच्या आवाजात नाही, पाहुणे आले की लावता तेवढ्या जोरात ऐका. १०० ला छतातून फडफड किंवा ताण ऐकू आला तर १२०. नाही आला तर १०० वर राहा. तुमचा सब कुठे ठेवलाय ते प्रश्नात नाही. सोफ्यामागे किंवा सोफ्याला अगदी खेटून असेल तर १२० ला जाण्याआधी घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून बसवा आणि बोट कुठे जातं ते बघा.