हरणाच्या शिकारीच्या कॅम्पवर पहिल्यांदा येतोयस, ये!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम नऊच दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो. तू शुक्रवारी उजेडातच पोहोच, म्हणजे तुझं मचाण दिवसाउजेडी दाखवता येईल.

तुझा जन्म १९७३ नंतरचा, म्हणजे हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीचा, कोर्स लागणारच. परवाना आणि भडक नारिंगी जाकीट-टोपी घेऊनच ये. आत लोकरीचे कपडे घाल. सुती कपडा घामाने भिजला की माणूस गारठतो.

आता बंदूक. केबिनमध्ये भरलेली बंदूक कधीच आणायची नाही. मचाणावर चढताना ती रिकामी करून खाली ठेवायची, हार्नेस (पडू नये म्हणूनचा पट्टा) बांधून वर जायचं आणि मग दोरीने ओढून घ्यायची. यात हयगय केलीस तर मी तुला त्याच दिवशी घरी पाठवेन, राग मानू नकोस.

वारा तुझ्याकडून हरणाकडे वाहत असेल तर त्याला तुझा वास लागतो, ती जागा सोड. हरणाच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर गोळी झाडायची नाही. गोळी लागली तरी लगेच धावायचं नाही. अर्धा तास थांब, मग रक्ताचा माग काढ. जखमी जनावर शोधायला संध्याकाळ गेली तरी चालेल, आम्ही सगळे टॉर्च घेऊन येऊ.

मारलेल्या हरणाचं पोट चिरून आतडी काढायला मी शिकवेन. पहिल्या वेळी हात थरथरतात, माझेही थरथरले होते. हरणाच्या डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडी (हरणांच्या मेंदूचा एक जीवघेणा रोग) तपासणीला देऊ, निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये राहील.

येताना कांदा-खोबऱ्याचं वाटण आण. कॅम्पवरचे म्हातारे दरवर्षी त्याचीच वाट बघतात.