एवढे मार्क मिळवून ‘गटाराचं शिक्षण’?

कोपरखैरण्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्स झाली, सीईटीत चांगले पर्सेंटाइल आहेत. नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, मुंबईतल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात सिव्हिल. मुलीला सिव्हिल हवंय, आणि तेही टॉवर बांधायला नाही; पुढे पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांत काम करायचं म्हणते. वडील महापे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. त्यांचा सवाल: “एवढे मार्क मिळवून पोरगी गटारं बघत फिरणार का?” ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. यात खरंच काम आहे का, सरकारी नोकरी लागेल का, आणि मुलीच्या जातीला हे जमेल का.

नमस्कार ताई,

आधी कामाचं बोलू, कारण बाकी दोन्ही प्रश्न त्यावरच उभे आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020-21 साली देशाचा हिशेब मांडला होता. भारतातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. त्यावर प्रक्रिया करायला बांधून ठेवलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटर. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती 20,236 दशलक्ष लिटरवर, म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस लिटरवर. बाकीचं नाले, नद्या, खाड्या.

यातला पहिला आकडा सगळे सांगतात. तुमच्या लेकीने बघायचा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक. पैसे खर्च करून केंद्रं बांधली, फीत कापली, आणि त्यांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्षमता वापरात नाही. कुठे घरं मलवाहिनीला जोडलेलीच नाहीत, कुठे वीजबिल परवडत नाही म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद, आणि कित्येक ठिकाणी केंद्र चालवता येईल असा माणूसच नाही. बांधणारे इंजिनिअर आपल्याकडे पुष्कळ आहेत. चालवणारे फार कमी. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर आहे, म्हणून ती आधी सांगितली.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. ऑगस्ट 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा गावांतल्या 3 कोटी 23 लाख घरांत नळ होता. आज तो आकडा 15 कोटींच्या पुढे आहे. हे काम लहान नाही, उगाच नाकं मुरडू नयेत. पण नळ बसला म्हणजे पाणी आलं असं नसतं. माणशी रोज 55 लिटर द्यायचं ठरलंय, आणि उन्हाळ्यात विहीर किंवा बोअर आटली की पाइप आहे आणि पाणी नाही अशी गत होते. आपल्याच जिल्ह्यातलं शहापूर घ्या. भातसा, तानसा, मोडक सागर ही धरणं तिथल्या डोंगरांत, त्यांचं पाणी मुंबई-ठाण्याला, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवली गेली आहे. नळ जोडायचं काम कधीतरी संपेल. स्रोत टिकवणं, पाणी तपासणं, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणं हे संपणारं काम नाही.

तुम्ही नवी मुंबईत राहता म्हणून कदाचित हे डोळ्यांवर येत नसेल. तुमच्या महापालिकेकडे खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आहे, स्वतःच्या मालकीचं. ही चैन ठाण्याला नाही. ठाणं भातसेवरच्या स्वतःच्या योजनेचं, उल्हास नदीवरून येणारं स्टेम या पाणी कंपनीचं, एमआयडीसीचं आणि मुंबई महापालिकेचं असं चार ठिकाणचं पाणी एकत्र करून भागवतं, आणि तरी घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या सोसायट्यांत टँकर उभे असतात. माझ्याकडे तिथले पालक येतात. दीड कोटीचा फ्लॅट आणि आंघोळीची बादली मोजून, अशी तक्रार ते मुलाच्या करिअरच्या आधी सांगतात.

आता वडिलांच्या ‘गटारा’कडे येते. साहेबांना सांगा, तुमच्याच कोपरखैरण्यात मलप्रक्रिया केंद्र आहे. तिथल्या मुख्य पद्धतीत एकाच टाकीत आळीपाळीने सांडपाणी भरतात, हवा सोडतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचं निवळलेलं पाणी काढून घेतात. त्यावर आणखी गाळणी करून उद्योगांना देण्यासाठी कोपरखैरणे आणि ऐरोली इथे प्रत्येकी 20 दशलक्ष लिटरची तृतीय स्तर प्रक्रिया उभारली आहे. हे पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी आहे. म्हणजे ज्या एमआयडीसीत साहेबांची नोकरी, तिथल्या कुलिंग टॉवरला उद्या त्यांच्याच घरचं सांडपाणी साफ होऊन जाऊ शकतं. नागपुरात तर शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. ज्याला आपण गटार म्हणतो तो आता विकाऊ माल आहे.

आणि यातलं काम डोक्याचं आहे. प्रक्रिया करतात ते जिवाणू. ते गोठ्यातल्या गुरांसारखे सांभाळावे लागतात: खाणं वेळेवर, हवा पुरेशी, आणि भलतंसलतं पोटात जायला नको. कुणीतरी रात्री टँकरभर केमिकल मॅनहोलमध्ये ओतलं की सकाळी टाकीतले जिवाणू मेलेले. पावसाळ्यात नाल्याचं पाणी मलवाहिनीत शिरलं की येणारं सांडपाणी इतकं पातळ होतं की त्यांची उपासमार. चांगला ऑपरेटर एक लिटरच्या उभ्या नळकांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवतो आणि गाळ किती खाली बसला त्यावरून केंद्राची तब्येत सांगतो. रंग आणि वासावरूनही सांगतो, पण ते यायला वर्षं जातात.

पाइपांतही अशीच मेख आहे. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसाचे काही तासच येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनी रिकामी होते, आतला दाब उतरतो, आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं आत खेचलं जातं. शेजारून मलवाहिनी गळत असेल तर ती घाणही. म्हणून चोवीस तास पाणी ही चैन नसून आरोग्याची गोष्ट आहे. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने मीटर बसवून ते करून दाखवलं. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पहिलं बोट पाण्याकडे गेलं होतं, आठवत असेल. त्या दिवसांत डॉक्टरांइतकीच गरज होती ती कुठल्या विहिरीत क्लोरीन पोचत नाही हे शोधणाऱ्यांची.

सरकारी नोकरीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. जागा आहेत: महापालिकांत कनिष्ठ अभियंता, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, आणि एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा. जाहिराती वेळेवर येतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तीन वर्षं फक्त अभ्यासिकेत बसून जाहिरातीची वाट बघणारी मुलं मी रोज बघते. तुमची लेक त्यांत नको. आज या क्षेत्रातली बरीच कामं कंत्राटी कंपन्यांकडे आहेत, केंद्र बांधणं आणि पुढची काही वर्षं चालवणंही. शिवाय योजनांचे आराखडे करणाऱ्या सल्लागार कंपन्या, पंप आणि पाणी गाळायचे पडदे (मेम्ब्रेन) बनवणारे उद्योग, कारखान्यांची स्वतःची सांडपाणी केंद्रं. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागते आणि तीत सोसायटीचं स्वतःचं केंद्र आलंच. घोडबंदरपासून खारघरपर्यंत अशी केंद्रं तळघरांत आहेत आणि त्यांतली कितीतरी नीट चालत नाहीत. तिथेही माणसं लागतात.

सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल, हे आत्ताच घरात बोलून घ्या. आणि निव्वळ सरकारी निधीवर जगणाऱ्या कंत्राटदाराकडे नोकरी धरताना सांभाळून. 2025 मध्ये जलजीवनच्या कामांची बिलं थकली म्हणून राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर आले होते. मालकाचं बिल अडलं की सगळ्यांत आधी ज्युनिअर इंजिनिअरचा पगार अडतो.

मग सिव्हिल की कॉम्प्युटर? तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांत मी सिव्हिल म्हणेन, आणि त्यात कॉलेज चांगलं मिळतंय हे अर्धं कारण आहे. पदवीलाच पर्यावरण अभियांत्रिकी घ्यायचा हट्ट करू नका. ती फार थोड्या कॉलेजांत आहे आणि सरकारी जाहिरातीत बहुधा ‘स्थापत्य’च मागतात. सिव्हिलमध्ये द्रवयांत्रिकी, जलविज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी हे विषय मनापासून करावेत. इपॅनेट आणि क्यूजीआयएस ही दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिल्यात पाइपांचं जाळं आणि दाब मांडता येतो, दुसऱ्यात नकाशे. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत सुरू केली तर तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप मागताना हातात दाखवायला काहीतरी असेल. मोटर-पंपाची वीज आणि थोडी केमिस्ट्रीही शिकावी. सिव्हिलवाले या दोन्हींपासून लांब पळतात, आणि केंद्र नेमकं याच दोन ठिकाणी बंद पडतं. पुढे शिकायचंच असेल तर गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. पवईची आयआयटी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय दोन्हीकडे एम.टेक. आहे. पण आधी दोन वर्षं साइटवर काढलेली बरी, असं माझं मत.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा बारावीला नापास होता होता वाचला आणि घरी बसून आहे. त्याला आयटीआयच्या अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) या ट्रेडकडे बघायला सांगा. तुमच्या पट्ट्यात त्याचा उपयोग होतो.

मुलीला झेपेल का? वास येतो, बूट चिखलात जातात, कधी मध्यरात्री फोन येतो की पंपिंग स्टेशनात पाणी चढलंय. यातलं बाईला न झेपण्यासारखं काही नाही. कंत्राटी नोकरी घेताना रात्रपाळीची वाहतूक, साइटवर बायकांचं स्वच्छतागृह आणि विमा, हे तोंडी नको, लेखी विचारावं.

खरी जोखीम वेगळीच आहे. ती तुमच्या मुलीच्या जिवाला नाही, तिच्या हाताखालच्यांच्या जिवाला आहे. मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि माणूस आत उतरल्यावर काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केली. तरी माणसं मरतात, आणि कुठल्या वस्तीतली, कुठल्या जातीची मरतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना ज्याची लाज वाटते ते काम त्यांची मुलगी करणार नाही. ते आजवर दुसऱ्यांच्या मुलांनी केलंय. इंजिनिअर म्हणून तिच्यावर वेळ येईल ती ‘यंत्र येईपर्यंत कुणी उतरणार नाही’ असं कंत्राटदाराला तोंडावर सांगायची. ते तिला जमेल का, हे तिलाच विचारा. पर्सेंटाइलवरून कळत नाही.

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत पसंतीक्रम भरायच्या आधी एक करा. महापालिकेकडे रीतसर अर्ज देऊन कोपरखैरण्याचं केंद्र बघायची परवानगी मागा आणि साहेबांना बरोबर न्याच. यंत्रांशी त्यांचा रोजचा संबंध आहे, ब्लोअर आणि पंप बघून ते तुमच्यापेक्षा जास्त रमतील. लेकीने तिथल्या ऑपरेटरला तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री वीज गेली तर किती वेळ तग धरता, गेल्या पावसाळ्यात काय बिघडलं, आणि तुमचा पगार कोण देतं. तासाभराने ती बाहेर पडायची घाई करत असेल तर कॉम्प्युटर वर टाका, काही बिघडत नाही. प्रश्न विचारतच राहिली, तर सिव्हिल पहिलं.