१८८४ साली सेल्युलर जेल नव्हतं

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खापरपणजोबांना १८८४ साली काळ्या पाण्यावर धाडलं, घरात एवढंच माहीत आहे, आणि तू सेल्युलर जेलचे फोटो गोळा करत बसला आहेस. ते आधी बाजूला ठेव. त्या जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. ते उतरले तेव्हा तिथे होत्या बराकी, जंगलतोड आणि चॅटम बेटावर १८८३ मध्ये सुरू झालेली लाकडाची गिरणी. चॅटम, रॉस, व्हायपर ही बेटांची नावं वहीत लिहून ठेव, कागदांत तीच भेटतील.

शोध मात्र अंदमानातून नको, आपल्या जिल्ह्यातून सुरू कर. खटला कुठल्या सेशन्स कोर्टात चालला ते कळलं की मुंबईचं पुराभिलेखागार गाठ, काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. न्याय खात्याचे जुने खंड माग. पुढचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेत. काही त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्याही दिसतात.

नावावर विसंबू नकोस. कारकुनाच्या कानाला आलं तसं त्यानं इंग्रजीत उतरवलं. मी एक माणूस तीन स्पेलिंगांत शोधला आहे. बापाचं नाव आणि गाव जुळलं तेव्हा कुठे खात्री पटली. कैदी क्रमांक हाती लागला तर मग तो सोडू नकोस. प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे, त्यावर क्रमांक, दंडविधानाचं कलम, शिक्षेची तारीख.

कलम वाचताना मन घट्ट कर. ते १२१ असावं, सरकारविरुद्ध युद्ध केल्याचं, अशी घरच्यांची आस तुझ्या पत्रातही दिसते. पण ३०२ निघेल, ३९५ निघेल. खून, दरोडा. निघालं तर दडवू नकोस, आणि 'सावकारालाच मारलं असणार' असं मनानं जोडूही नकोस. जो मेला त्याचंही घर असेल, कदाचित तुझ्याच तालुक्यात.

काही वर्षं नीट वागलेल्या कैद्याला तिकडे तिकीट मिळे, म्हणजे बराकीबाहेर राहायची परवानगी. मग तो स्वतःची शेती करू शके, कैदी बाईशी लग्नही लावून देत. तेव्हा अंदमानात तुझे भाऊबंद निघाले तर दचकू नकोस.

आणि तुझ्या अख्ख्या पत्रात खापरपणजी कुठेच नाही. नवरा जिवंत, पण परतायची आशा नाही. तिनं कुंकू ठेवलं की पुसलं? पोरं कुणाच्या दारात वाढली, जमीन कुणाच्या नावावर चढली? गावचे जुने फेरफार काढ. मोडी येत नसेल तर शिकून घे, वाटते तितकी अवघड नाही. मला तर तुझ्या शोधाचा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण तिच्यावर सरकारनं एकही फाईल उघडली नाही.

घरातल्या सगळ्यांत वयस्कर आत्याला तिचं नाव विचार आणि आधी तेवढं मला लिहून पाठव.