याडीचे टाके आणि टेक्स्टाइल डिझाइन

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे. माझी याडी, म्हणजे आई, अजूनही तांड्यावर फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) भरते. हे बंजारा भरतकाम आजच्या कापडांवर आणावे, अशी माझी इच्छा आहे. फॅशन डिझाइनला जावे की टेक्स्टाइलला?

उत्तर : माझे मत टेक्स्टाइल डिझाइनच्या बाजूने आहे. फॅशन डिझाइनमध्ये भर असतो तो कपड्याच्या बेतण्यावर, आणि तुमचा प्रश्न मुळात कापड व टाका यांच्या नात्याचा आहे. आईच्या कांचळीवरचा एखादा आरसा नीट पाहा : त्याला भोक नसते, आधी त्यावर दोऱ्याची आडवी-उभी चौकट ताणली जाते आणि मग तिला धरून भोवतीने टाके घेत कडे बांधले जाते. जाड सुती कापड हा ताण सहज पेलते, मात्र तेच काम मलमलीवर केले की चुण्या पडतात आणि आरशांच्या वजनाने कापड लोंबते. अस्तर द्यावे, आरसे विरळ करावेत की फक्त टाके ठेवून आरसे-कवड्या गाळाव्यात, हा निर्णय डिझायनरचा असतो. धुलाईचा विचार केल्यावर तो अधिकच कठीण होतो.

निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) आणि अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) या दोन्ही संस्थांत चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून कला शाखेचे विद्यार्थीही प्रवेश परीक्षा देऊ शकतात. निफ्टमध्ये कारागिरांच्या मुलांसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे, म्हणून आईचे कारागीर ओळखपत्र (सरकारी भाषेत ‘पहचान’ कार्ड) काढलेले नसल्यास ते आताच काढावे आणि पात्रतेच्या अटी चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत तपासाव्यात.

कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी (म्हणजे बंजारा) भरतकामाला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे. तेथील महिलांनी हे काम पिशव्या, उशांचे अभ्रे अशा वस्तूंवर कसे नेले, हे एकदा प्रत्यक्ष पाहून यावे. मात्र मानांकित नाव त्या प्रदेशाशी बांधलेले असल्याने तुमच्या तांड्यावरील मालाला ते लावता येणार नाही. (उत्साहाच्या भरात अनेक नवे विक्रेते हीच चूक करतात.)

परीक्षेच्या तयारीसोबत या सुट्टीत आईकडून एकच नक्षी तीन वेगवेगळ्या कापडांवर भरायला शिका, प्रत्येक तुकडा पाच वेळा धुवा आणि लागलेले तास वहीत लिहून ठेवा. मुलाखत असल्यास तीत हे तुकडे दाखवता येतील, शिवाय पुढे तांड्यातील बायकांची मजुरी ठरवताना तीच वही उघडावी लागेल.